विहीण हसली होती

मखमलाबाद, नाशिक
सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

आणि मी चहात साखर कमी आहे असं कधी म्हणाले, ते आधी सांग. बाकीचं नंतर. तुझ्या आतोबांना अंगणात ठेवलेलं, घरात चूल पेटलेली नाही, शेजारच्या घरून चहाची किटली आली ती मी तोंडाला लावली नाही. आणि तू पुण्यात माइक धरून माणसांना सांगतेस की सरूआत्या रडता रडता थांबली, एक घोट घेतला, साखर कमी आहे म्हणाली आणि परत रडायला लागली. माणसं टाळ्या वाजवतात. मी तीन वेळा बघितलं. हर्षालीने भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फोनवर लावून दिलं, "आई, बघा, तेजूताई तुमच्यावर बोलली." सुनेला वाटलं मला आनंद होईल. ओढणी तोंडाला लावून ती स्वतः हसत होती. दीड वर्षापूर्वी सासऱ्याच्या पायाशी बसून हीच रडत होती.

फोन केला नाही कारण फोनवर तू मला बोलण्यात गुंडाळतेस. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर तो फोन घरातल्या चार हातांतून फिरतो. चौथीपर्यंत शिकले तरी बचत गटाचं इतिवृत्त मीच लिहिते, मला कागद पुरतो. तूही कागदावरच लिही.

मोटरीचं आणि फोनच्या लॉकचं मी बोलले होते. ते खरं आहे, नाकारत नाही. मळ्यातली मोटर त्यांच्याच मोबाईलवरून चालू व्हायची आणि मोबाईलला लॉक. रडताना तेच तोंडात आलं, "ओ मालक, फोनचं लॉक तरी सांगून जायचं ओ, आता मोटर कशी चालू करू ओ." तुला पुण्याला राहून विसर पडला असेल, पण आपल्यात बाई मुकाट रडली तर बाया म्हणतात हिला दुःख नाही. हेल काढून एकेक गोष्ट सांगत रडावं लागतं. कोणी पोरांचं सांगतं, कोणी गाईचं सांगतं. मला मोटर आठवली. दोन दिवस शेवंतीला पाणी नव्हतं.

टीव्हीवर दाखवतात, अमका कुठे देवावर बोलला, तमका पुढाऱ्यावर बोलला, मग माणसं जाऊन खुर्च्या मोडतात, केस करतात. माझ्यावर बोललीस तर कोण खुर्ची मोडणार आहे. मीच उरले.

आता ऐक. २३ नोव्हेंबरला, रविवारी, तुझा कार्यक्रम नाशिकला आहे म्हणे. हर्षालीने आमच्या बचत गटातल्या चौदा बायांना पाससुद्धा वाटून टाकले. त्या चौदाही त्या दिवशी अंगणात होत्या, मला धरून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर तू हे सांगणार आहेस का? आणि त्या हसल्या तर सोमवारी गटाच्या बैठकीत मी त्यांच्यात कोणतं तोंड घेऊन बसू?

आणखी एक विचारायचं आहे. ते लोक मला ओळखत नाहीत, मालकांना ओळखत नाहीत, मग त्यांना हसू कशाचं येतं? नेमकं कुठल्या शब्दाला येतं? फोनवर आवाज फुटतो, नीट कळत नाही. तू हे आधी लिहून काढतेस का? आणि नाही हसले तर मग काय करतेस?

तुझी
सरूआत्या


पुणे
गुरुवार, ३० ऑक्टोबर २०२५

प्रिय सरूआत्या,
सा. न.

तुझं पत्र एकदा उभ्याने वाचलं, एकदा बसून. माझ्या रूममधल्या मुलीला वाटलं कोर्टाचं काही आलं.

साखरेचं मी बनवलं. तू तसं म्हणाली नव्हतीस, कबूल. पण का बनवलं ते सांगते, कारण ते मलाही आत्ता लिहिताना नीट कळतंय.

पहिल्यांदा मी हे सांगितलं तेव्हा साखर नव्हती. नुसती मोटर आणि लॉक. तू विचारलंस ना, कुठल्या शब्दाला? "लॉक तरी सांगून जायचं ओ", तिथे. दर वेळी तिथेच. लोक खुर्चीतून पुढे वाकतात. मला वाटतं, प्रत्येकाच्या घरात असा एखादा बंद फोन असतो, म्हणून ओळख लागत नाही. पण हसून झाल्यावर ते एकदम गप्प झाले. म्हणजे कंटाळून गप्प नाही. मी आतापर्यंत तशी शांतता ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत मला अंगण दिसायला लागलं, आतोबांचे पाय दिसायला लागले, आणि पुढचं वाक्यच आठवेना. म्हणून पुढच्या वेळी साखर घातली. साखर आली की लोक परत हसतात आणि मी सुटते.

हो, आधी लिहिते. वहीत लिहिते, मग चालता चालता स्वतःशी म्हणते. रस्त्यावरचे लोक बघतात. नाही हसले तर पाणी पिते. स्टेजवरची बाटली त्यासाठीच असते, तहान कोणाला लागत नाही.

आमच्या स्टँडअपवाल्यांत एक नियम मानतात, आपल्यापेक्षा वरच्यावर हसायचं, खालच्यावर नाही. पुढारी, बिल्डर, साहेब चालतात. झाडूवाली, म्हातारी, आजारी माणूस नाही. तुझ्या बाबतीत मी अडकते. तू माझ्या वर आहेस की खाली? मी तुझ्या मांडीवर वाढले, तू मला धपाटे घातलेस, तेव्हा वर. पण माइक माझ्या हातात आहे आणि तुझ्या हातात नाही, तेव्हा काय धरायचं ते मला कळत नाही.

एक मात्र तूच लिहिलंस. हर्षालीवहिनी हसली. ती घरातली आहे, त्या दिवशी अंगणात होती, तीही हसली. म्हणजे त्यात इतकं वाईट काही नसावं, नाही का?

रविवारचं खरं ते सांगते. नाशिकच्या कार्यक्रमाला मला बोलावलं तेच या सात मिनिटांसाठी. आयोजकांनी तेच बघून फोन केला. ते काढलं तर माझ्याकडे तेवढं चांगलं दुसरं नाही. आईबाबा पहिल्यांदा बघायला येणार आहेत. बाबांना अजून वाटतं मी बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करते आणि हे मधल्या वेळातलं आहे. तू नको म्हणालीस तर काढून टाकीन. पण मनापासून काढणार नाही, हेही लिहून ठेवते.

तुझी
तेजू


मखमलाबाद
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

तेजू,

साखर तू घातलीस हे कबूल केलंस, बरं केलंस. पण हर्षाली हसली म्हणून चालतं, हे कुठून आणलंस? तू हर्षालीवर बोललीस का? ज्याच्यावर बोलतो तो हसला पाहिजे. मी हसले का? झालं तर मग.

तुझा वरचा-खालचा नियम मी गटात सांगितला. नाव तुझं घेतलं नाही, असंच विचारलं. एक बाई म्हणाली, "मग नवऱ्यावर हसायचं का नाही, तो वर का खाली?" अर्धा तास तेच चाललं, इतिवृत्तात काय लिहू मला कळेना. नियम काही खरा नाही तुझा.

हसायचं कोणावर हे तू मला शिकवू नको. तुझ्या आईबापाच्या लग्नात मी करवली होते. माझं लग्न होऊन दोन वर्षं झालेली, तरी तुझा बाप, केरूदादा म्हणाला, करवली सरूच पाहिजे, गाणी दुसऱ्या कोणाला येतात. तेव्हा विहिणीची पंगत बसली की आमच्या बायांनी विहिणीवर गाणी म्हणायची, तिच्या लाडवावर, तिच्या चालण्यावर, तिच्या नवऱ्यावर. आणि तिच्याकडच्या बाया उलटून आमच्यावर म्हणायच्या, माझ्या नाकावर त्यांनी चार कडवी केली होती. तुमच्यासारखं नाही, की माणूस मखमलाबादला आणि तुम्ही पुण्यात. विहीण समोर पाटावर बसलेली असायची. तिला वाढत वाढत म्हणायचं. कोणाचं मूल गेलंय, कोणाला मूल नाही, कोणाच्या अंगात खोड आहे, तिकडे जायचं नाही. हे कोणी शिकवलं नाही, येत होतं.

तुझी चांदवडची आजी, रंगूबाई, माझ्यासमोर पाटावर होती. तिचे मालक चिमाजीबाबा लग्नाला मांडवात आलेच नव्हते. रुसून शेतावर जाऊन बसलेत असं तिच्याच माणसांनी सांगितलं. लग्नात एक जण रुसतोच. कधी मामा रुसतो, कधी जावई, इथे व्याहीच रुसला. कन्यादान तुझ्या आजीच्या भावाने केलं. मला तर गाणं हातात आणून दिल्यासारखं झालं. उभ्या उभ्या जोडलं,

"व्याही आमचे रुसले गं, कणगीमागं बसले गं,
उठा म्हटलं उठंना, बोला म्हटलं बोलंना,
विहीणबाईच्या लाडवानं तोंड त्यांचं उघडंना."

सगळा मांडव हसला. आणि तुझी आजी इतकी हसली, की डोळ्याला पदर लावला. तिने मला जवळ बोलावून स्वतःच्या पानातला लाडू भरवला. सत्तावीस वर्षं झाली, अजून कुठल्या कार्यात भेटली की मला बघून हसते. याला म्हणतात हसणं. गाणं कसं असावं तर असं. तू चांदवडला जा आणि तिला विचार, तिच्या तोंडून ऐक, मग मला नियम सांग.

ती गप्प बसलेली माणसं मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीत. काय करत होती ती? खाली बघत होती, का तुझ्याकडे? कोणी उठून गेलं का?

तू विचारलं नाहीस तरी एक सांगते. लॉकचं बोलून गेले आणि माझं मलाच पदराआड हसू आलं होतं. एवढंसं. मालक समोर पडलेले आणि मला हसू. त्यांनी ऐकलं असतं तर तेही हसले असते, असं वाटलं, आणि मग लय रडले. बायांना वाटलं हेल वाढला. ही गोष्ट कोणाला सांगायची नाही, स्टेजवर तर नाहीच.

रविवारचं माझं उत्तर अजून नाही असंच आहे. आजीला विचारून ये.

सरूआत्या


मखमलाबाद
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

तेजू,

सात दिवस झाले. कुरिअरवाला म्हणतो, तुमचं पत्र पोचलं, सही आहे. मग तुझं कुठे अडलं?

गटातल्या बायांनी रविवारसाठी साड्या ठरवल्या. मला विचारतात, "सरूताई, पुढं बसायचं का मागं?" मी काय सांगू? तुझं उत्तर आल्याशिवाय मी कुठेच बसत नाही. केरूदादा फोनवर म्हणाला, तू चांदवडला जाऊन आलीस आणि घरी धड बोलत नाहीस. काय झालं ते लिही. आजी बरी आहे ना?

सरूआत्या


पुणे
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

प्रिय सरूआत्या,
सा. न.

आजी बरी आहे. गुडघे दुखतात तेवढंच. उशीर झाला कारण हे कसं लिहायचं ते कळत नव्हतं. चार कागद फाडले. जसं घडलं तसं लिहिते.

शनिवारी चांदवडला गेले. आजी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी म्हटलं, "आजी, आईच्या लग्नात सरूआत्याने तुझ्यावर गाणं म्हटलं होतं ना?" ती हसली. म्हणाली, "म्हणलं व्हतं ना. लय ग्वाड गळा तिचा." मी म्हटलं, म्हणून दाखव. तर तिला पाठ होतं, आत्या. तू लिहिलंस तसंच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. "बोला म्हटलं बोलंना" पाशी थांबली आणि लसूण सोलायला लागली.

मी विचारलं, "तुला खरंच हसू आलं होतं?" सोललेल्या पाकळ्या तिने वाटीत टाकल्या. मग म्हणाली, "हसले नसते तर लोकांनी इचारलं असतं."

आजोबा रुसले नव्हते. हळदीच्या संध्याकाळी ते मांडवाच्या मागे पडले. उजवा हात गेला, पाय गेला, तोंड वाकडं झालं. त्यांच्या भावाने त्यांना जीपमध्ये घातलं आणि नाशिकला दवाखान्यात नेलं. घरातल्या चौघांनी ठरवलं, लग्न मोडायला नको, नवरी मुलगी अपशकुनी म्हणून तिच्या कपाळी शिक्का नको. रुसलेत असं सांगायचं हे आजीलाच सुचलं. ती म्हणाली, लग्नात कोण रुसलं तर कोणी खोलात शिरत नाही. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिला पाठवणी झाल्यावर चौथ्या दिवशी सांगितलं. तुम्हाला सगळ्यांना सांगितलं की लग्नानंतर आजारी पडले. सव्वा महिन्यात गेले ते, हे तुला माहीतच आहे.

पंगतीत बसली तेव्हा तिला निरोप आलेला होता, की शुद्ध आहे पण उठत नाहीत, बोलत नाहीत, चमच्याने पाणी घालतो तर तोंड उघडत नाही. आणि तू नेमकं तेच गायलीस. आजी म्हणाली, "मला वाटलं पोरीला कोणी सांगितलं का काय. मी तिच्या डोळ्यांत बघितलं. तिला काय बी माहीत नव्हतं. मग मी हसले." लाडू भरवला तो तुझं तोंड बंद करायला भरवला, म्हणजे पुढचं कडवं येणार नाही. हे सांगताना ती खरंच हसली, मला वाटतं. तिचा तुझ्यावर राग नाही. दोनदा म्हणाली, सरूला सांगू नको. पण तूच म्हणालीस तिच्या तोंडून ऐकून ये, आणि ऐकल्यावर तुला न सांगता मला नियम कसा सांगता येईल?

आता रविवारचं. मी ठरवलंय. तुझं रडणं काढून टाकते. साखर, लॉक, मोटर, सगळं. त्याऐवजी हे सांगणार. रुसलेला व्याही, करवलीचं गाणं आणि पाटावर हसणारी विहीण. तुझं नाव घेणार नाही, चांदवडचंही नाही. चार दिवस वहीत तेच लिहितेय. सुरुवातीला लोक हसतील, गाण्याला तर खूपच हसतील, आणि मग मी त्यांना दवाखान्याचं सांगीन, तेव्हा त्यांना कळेल की ते कशाला हसले. तू विचारलंस ना, ती शांतता कशी असते? ही त्याच्या दहापट होईल. माझ्या हातून याहून चांगलं काही झालेलं नाही.

आणि या वेळी मी शहाणी झालेय, आधी विचारून घेतलं. निघताना आजीला म्हटलं, "आजी, हे मी लोकांना सांगू का, स्टेजवरून?" आजी हसली. म्हणजे तिची परवानगी आहे. आईबाबा येणार आहेत, आजीलाही आणणार आहेत, पहिल्या रांगेत बसवतील.

तुझ्या रडण्यातून तू मोकळी झालीस, आता तरी बायांना सांग, पुढेच बसा.

तुझी
तेजू


मखमलाबाद
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

तेजू,

पत्र सकाळी आलं. आज शेवंती तोडायला गेले नाही. ज्ञानेशने दोनदा हाक मारली, "आई, टेम्पो थांबलाय," मी म्हटलं, जाऊ दे.

उठंना, बोलंना, तोंड उघडंना. मी जोडलेलं. जीभ जड पडली ते गाणं परत म्हणायला, म्हणून मनातच म्हणून बघितलं. तिच्या पानात वाढायला मीच होते. मी भात वाढत होते आणि हे म्हणत होते आणि ती हसत होती, डोळ्याला पदर लावत होती. मला वाटलं हसून पाणी आलं. आमच्याकडची एक म्हातारी तेव्हा म्हणाली होती, "विहीण लय हसती बाई." मी म्हटलं, "हसणारच, गाणं कोणाचं आहे." म्हणजे म्हातारीला दिसलं आणि मला दिसलं नाही. मुलीची आई लग्नात रडायची, तिला हसायची मोकळीक कोण देतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्यानंतर सत्तावीस वर्षं ती मला बघून हसली, आणि मी प्रत्येक वेळी मानेने गाण्याची चाल धरून दाखवली. तुझ्या बारशाला तर दोन ओळी म्हणूनही दाखवल्या. तेव्हाही ती हसली.

माझा नियम गेला. ज्याच्यावर बोलतो तो हसला की झालं, असं मी लिहिलं होतं. ते खोटं निघालं. तुझा तर आधीच गटातल्या बायांनी मोडला. आता काय धरायचं मला माहीत नाही. दुपारभर तोच विचार केला. समोर बसवून बोललं तरी माणूस कळत नाही. न बोलावं तर सगळं मुकाट होईल, तेही मला नको आहे, मला गाणी म्हणायला आवडायची. तुला काही सुचत असलं तर लिही, खरंच विचारते आहे.

पण तू शहाणी झालीस म्हणतेस ते काही मला पटलं नाही. पत्राच्या वरच्या पानावर तूच लिहिलंस की आजी कधी हसते. आणि खालच्या पानावर लिहितेस, आजी हसली, म्हणजे परवानगी आहे. अगं येडे, दोन्ही पानं एकाच हाताने लिहिलीस ना? तू तिला विचारलंस, सांगू का, आणि ती हसली. दोनदा सांगितलं, सरूला सांगू नको. ज्या बाईला एका सरूला कळू द्यायचं नाही, तिला हॉलभर माणसांना कळू द्यायचं आहे होय? आणि तिला पहिल्या रांगेत बसवून. लोक गाण्याला हसतील तेव्हा तिने काय करायचं? परत हसायचं? तेव्हा निदान ती तुझ्या आईसाठी हसली. आता कोणासाठी हसेल, तर तुझ्यासाठी.

तेव्हा असं कर. माझं रडणं घे. माझं मी देते, रविवारी सांग, नाव घेऊन सांग, चौदा बाया असू देत. साखर तेवढी काढ. साखरेच्या जागी काही लागत असेल तर मला पदराआड हसू आलं होतं ते घाल, ते तरी खरं आहे. ती माणसं गप्प बसली तर बसू दे, तू पाणी पिऊ नको. मी मागच्या रांगेत बसते, मला ती शांतता ऐकायची आहे. बाया हसल्या तर हसल्या, सोमवारी त्यांचं मी बघून घेईन. आणि मी हसले नाही तर घाबरू नको. हसले तरी त्याच्यावर काही ठरवू नको, कार्यक्रम झाल्यावर येऊन मला विचार, मी तोंडाने सांगीन.

आजीचं मात्र तिने दिल्याशिवाय घ्यायचं नाही. सोमवारी पत्र मिळेल. मंगळवारी नाहीतर बुधवारी चांदवडला जा. निघता निघता विचारू नको, दारात उभं राहून माणूस हसूनच वाटेला लावतं. तिच्याजवळ बस, लसूण असेल तर लसूण सोल. तिला सांग, सरूला सगळं कळलंय. मग विचार, हे लोकांना सांगायचं का. ती हसली तर ते उत्तर धरू नको, परत विचार. "तुझी मर्जी" म्हणाली तर तेही धरू नको. हो का नाही, तिच्या तोंडातून शब्द बाहेर पडला पाहिजे. पडला नाही तर नाही म्हणून समज, आणि ती वही मिटव, कितीही चांगलं झालेलं असलं तरी.

आणि माझ्यासाठी एक विचार. मी चांदवडला तिच्याकडे आले तर चालेल का. माफी मागायला म्हणून सांगू नको, ती लगेच म्हणेल कशाची माफी, आणि परत हसेल. नुसतं विचार, सरू आली तर चालेल का, आणि कधी.

दोन्हीचं उत्तर मला गुरुवारी, वीस तारखेला, दिवस मावळायच्या आत पाहिजे. या वेळी फोन केलास तरी चालेल, मी हर्षालीच्या हातात देणार नाही. पण ती काय म्हणाली तेच सांग, तिच्याच शब्दांत. तुला काय वाटलं ते नको.

सरूआत्या